हिवराखालचा कोपरा

१२ जानेवारी

आरतीनं अकोल्यावरून ही डायरी पाठवली. तिच्या बँकेत फुकट भेटते. फोनवर म्हणे, "आई, आता सरपंच झालीस त रोजचं लिहून ठेवत जा. उद्या कोणी बोट दाखवलं त कामी पडते." मी बारावी नापास, पण अक्षर चांगलं आहे. बोलते तसंच लिहीन. कोणाले दाखवायचं थोडीच आहे.

पहिलं काम काढलं ते मसनाचं. लोक हसून राहिले. बाईमाणूस खुर्चीवर बसली आन पहिल्यांदा मसन आठवलं, म्हणे. हसा बाप्पा. गेल्या श्रावणात माझी सासू गेली तवा कोणी हसलं नव्हतं. पाण्याची अशी झड लागली होती की ताटी, म्हणजे तिरडी, उचलाले दुपारची संध्याकाळ झाली. आमच्या मसनात ना शेड, ना ओटा, नुसता नाल्याचा काठ. सरण पेटेच ना. माणसांनी चारही बाजूंनी हातात टिनं धरले, डिझल ओतलं, टायर टाकले. हे, म्हणजे आमचे बुवा खुशालराव, दुसऱ्या दिवशी घरी आले तर दोन्ही तळहात भाजलेले. तापलेलं टिन सोडलंच नाही म्हणे. आंग धुवून ओसरीत बसले आन एवढंच बोलले, "बुढीले नीट जाळताबी नाई आलं मले."

त्याच दिवशी मी मनाशी धरलं. पुढच्या पावसाळ्याच्या आत गावाले शेड पाहिजे म्हणजे पाहिजे.

१६ जानेवारी

संक्रांतीच्या वाणाले बाया आल्या होत्या. एकीच्या कडेवर चार महिन्यांची पोट्टी. मी मांडीवर घेतली तर माझं बोट धरून बसली, सोडेच ना. बाया गेल्यावर मी चुलीपुढं उगाच बसून राहिली.

लिहून टाकते. आमची पहिली पोट्टी वर्षाली. तीही एवढीच होती. ताप आला, नांदगावले नेलं, त्यांनी अमरावतीले न्या म्हटलं, रस्त्यातच माझ्या मांडीवर गेली. एवढ्याशा लेकराले जाळत नाहीत, पुरतात. सासऱ्यानं आन यायनं, म्हणजे आमच्या बुवानं, तिले माझ्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून नेलं. दोघंच गेले. बाया मसनात जात नाहीत, मी दारात बसली. आल्यावर विचारलं, कोठी ठेवली? सासरे म्हणाले, मायले जागा सांगत नसतात. सांगितली तर माय तिथंच जाऊन बसते, आन मंग पुढं कूस उजवत नाही. यायले एकटं गाठून विचारलं तर मान खाली घालून म्हणाले, "नाल्यापाशी." नाला का एवढासा आहे? किती कोस वाहते तो.

सासूनं सांगितलं, आता या घरात तिचं नाव नाही घ्यायचं. नाही घेतलं. आरतीले आन श्यामले माहीतच नाही की आपल्याले मोठी बहीण होती. सव्वीस वर्षं झाली. नाल्याले दरसाल पूर येते. आता काय राहिलं असन तिथं.

३ फेब्रुवारी

पंचायत समितीच्या इंजिनियर आल्या, प्रियदर्शनी मॅडम. आरतीच्याच वयाची पोरगी. पायात बूट, हातात टेप, सरळ मसनात घुसली. आमचा ग्रामपंचायतीचा शिपाई देवमन टेपचं दुसरं टोक धरून तिच्यामागं. मी रस्त्यावर, डोक्यावर पदर घेऊन उभी.

"सरपंचबाई, तुमी नाई येत आत?"

"आमच्यात बाया नाई जात मसनात."

"माह्या बाबाले त मीच अग्नी देल्ला," म्हणे, आन देवमनले टेप ताणाले सांगितला.

जागेचं काय सांगू! कागदावर चांगलं ऐसपैस मसन आहे, जमिनीवर निरी चिंधी राहिली. एका अंगानं नाल्यानं खाल्लं, दुसऱ्या अंगानं रस्ता रुंद झाला, वरून विजेच्या मोठ्या तारा गेल्या. तारांखाली जाळता येत नाही. नाल्याकाठी कॉलम टिकत नाही. आन मयत तर दक्षिणोत्तरच ठेवा लागते. मॅडमनं कागदावर ओटा असा फिरवून पाहिला, तसा फिरवून पाहिला, कोठी बसेच ना. मंग देवमननं चार ठिकाणी गड्डे करून पाहिले. जिकडं तिकडं काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पाण्यानं फुगते, वरचं बांधकाम तडकवते. फक्त वरच्या कोपऱ्यात, हिवराच्या झाडापाशी, हातभर खाली कुदळ खणकन वाजली. मुरूम लागला.

"इथंच करा लागते," मॅडम म्हणाल्या. "दुसरी जागाच नाई."

मले एवढा आनंद झाला की रस्त्यावर उभ्या उभ्या देवमनले म्हटलं, चाल, मॅडमले चहा पाजू.

४ फेब्रुवारी

जेवताना यायले नकाशा दाखवला. पाहात राहिले, पाहात राहिले, घास हातातच. म्हटलं चष्मा देऊ काय.

"हा कोपरा नाई," म्हणे.

"काहून?"

"नाई म्हणजे नाई. तिथं खांदू नका."

आन ताटावरून उठले. वरण-भात तसाच. आमचे बुवा कधी ताट टाकून उठत नाहीत. मी सरपंच झाली तवा लोक म्हणत होते, सही बाईची आन कारभार खुशालरावचा. यायनंच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, खुर्ची तिची हाये, मी वावर पाहीन. तोच माणूस आज मले नाही म्हणून राहिला, आन कारण सांगत नाही.

मले संशय येते. हिवराले लागून भगवंतरावचं वावर आहे. माजी सरपंच. त्याची बायको निवडणुकीत माझ्यासमोर पडली ते त्याले अजून झोंबते. धूर माह्या वावरात येईन म्हून तो आधीच ओरडून राहिला. त्यानंच यायचे कान भरले असन.

११ फेब्रुवारी

देवमन सांगत होता, "बाई, खुशालभाऊ सकाऊन सकाऊन हिवराखाली बसून राह्यतात. दोनदा पाहिलं मी."

"संगं भगवंतराव होता?"

"नाई बा. एकलेच होते."

एकले कायले बसतील मसनात? वावर आमचं तिकडं, मसन इकडं. भगवंतराव देवमनची चाहूल लागून धुऱ्यापलीकडं, म्हणजे बांधापलीकडं, गेला असन. माणूस सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं संसार करते आन आपल्याले त्याचा अंत लागत नाही. मले लय वाईट वाटलं.

२० फेब्रुवारी

आज भांडण झालं. घरात एवढ्या मोठ्यानं आमी कधी बोललो नाही.

यायनं सकाळी चहा पिता पिता सांगितलं, "आरतीची माय, आपल्या वावरातली रस्त्याकडची पट्टी मसनाले देऊन टाकू. दानपत्र करतो."

मी म्हटलं, बयताड झाले काय? कपाशीचं वावर, श्यामचं पुढचं सगळं त्यावर, आन तिथं मढे जाळाचे? गावकरी तरी येतील काय एवढ्या लांब? कागद त्या जागेचे गेले, ते बदलाले गेलं तर पावसाळा निघून जाते. मंग पुन्हा टिनं धरा हातात!

ते म्हणाले, "मी तुले आजवर काई मांगतलं नाई. हा एक कोपरा सोड."

"काहून ते सांगा. सांगा ना! भगवंतरावनं काय पाजलं तुमाले?"

माझ्याकडं असं पाहिलं की काय लिहू. तोंड उघडलं, वाटलं आता बोलतात. मंग दुपट्टा खांद्यावर टाकला आन निघून गेले. मी बोलली ते बोलली. खरं असन म्हूनच एवढं लागलं. नाही तर माणूस उलटून बोलला असता.

२ मार्च

ग्रामसभा पार पडली. भगवंतराव धुराचं घेऊन बसला, मॅडमनं त्याले वाऱ्याची दिशा समजावून सांगितली. तरी त्याचं टुमणं सुरूच. शेवटी त्यानं पिल्लू सोडलं, "खुशालराव काहून गप हाये? घरातूनच मंजुरी नसन."

सगळे मागं पाहाले लागले. हे एकदम शेवटी दारापाशी बसले होते. उठले. मले वाटलं झालं, आता माझं नाक कापतात. ते माझ्याकडं पाहून राहिले, मंग भाजलेल्या हाताचे व्रण दुसऱ्या हातानं चोळले आन म्हणाले, "गावाले शेड पाह्यजे. सरपंच म्हनते तसं करा."

ठराव झाला. बायांनी टाळ्या वाजवल्या. मले वाटलं, आला माणूस ठिकाणावर. भगवंतरावचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. घरी आल्यावर मी शेवया केल्या, यायनं दोन घास खाल्ले.

१९ मार्च

आज मी मसनात गेली. हो, गेली.

ठेकेदाराचा माणूस फक्की टाकाले आला होता, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढून कोठी खांदायचं ते दाखवतात. मॅडम आतून म्हणाल्या, सरपंचबाई, तुमचं काम हाये, तुमच्या हातानं सुरुवात करा. देवमन म्हणे, या बाई, काई होत नाई. पदर डोक्यावर घट्ट ओढला आन रस्त्यावरून खाली पाय टाकला. उतरली. काहीच झालं नाही. गवत, दगड, कोठं कोठं अर्धं जळालेलं लाकूड. नाल्याकडं मात्र मी पाहिलं नाही.

हिवराखाली जाऊन उभी राहिली आन मले असं बरं वाटलं की काय सांगू. वरच्या अंगाले आहे ना, वारा येते. डोंगरगावचं देऊळ दिसते तिथून. सगळ्या मसनात एवढीच जागा साफ होती, एक काटा नाही, एक खडा नाही. कोणी झाडून ठेवल्यासारखी. मी मॅडमले म्हटलं पण, बसावंसं वाटते इथं. मंग फक्कीचं घमेलं घेतलं आन कोपऱ्यातल्या कॉलमचा पहिला चौकोन मीच टाकला. रेघ जराशी वाकडी गेली, देवमननं सरळ केली.

घरी आल्यावर डोक्यावरून आंग धुतलं. यायले सांगितलं, मी जाऊन आली, मीच फक्की टाकली. ते गोठ्यात होते. बैलाच्या अंगावर हात ठेवून उभे होते.

१ एप्रिल

उद्यापासून खांदणं. तारांमुळं मशीन आत नेता येत नाही, मजूर लागतील. सिमेंट आलं, शाळेच्या खोलीत ठेवलं. लोखंड नांदगाव पेठवरून यायचं आहे, ठेकेदार रोज उद्या म्हणते.

२ एप्रिल

नवलच झालं. मजूर यायच्या आधी हे कुदळ-फावडं घेऊन तयार. "हिवरापाशचा गड्डा मी खांदतो. त्याले कोणी हात लावू नोका."

"तुमी? या उन्हात? मजूर हायेत ना."

"मी खांदतो म्हटलं ना."

मी म्हटलं खांदा. मनातून लय आनंद झाला. ज्या माणसानं एवढा विरोध केला त्याचा पहिला गड्डा त्याच्याच हातचा, याच्यापेक्षा चांगलं काय! देवमन सांगत होता की बाकीचे गड्डे कुदळीनं धडाधड झाले, यायनं मात्र वरचा थर निघाल्यावर कुदळ ठेवून देली आन खुरप्यानं, हातानं माती काढत बसले. मजूर हसले. म्हणे, खुशालभाऊ भुईमूग काढून राहिले काय. हे माती काढतच राहिले. सगळे जेवाले गेले तरी गड्ड्यातच होते.

संध्याकाळी घरी न येता दुपट्ट्यात काही बांधून वावराकडं गेले. शेजारच्या पाटीलकाकूनं पाहिलं. मी समजली मुरूम नेला असन, विहिरीच्या वाटेवर टाकाले. अंधार पडल्यावर आले. बोटांचे नखं फाटलेले. मी हळद लावाले बसली तर हात मागं घेतला. म्हटलं, एवढी हौस होती त आधीच काहून अडवलं होतं गावाले? ते म्हणाले, "झालं आता. तू तुहं काम कर."

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक होती, काम बंद. देवमनच्या घरी जेवून आली. कोपऱ्यातला कॉलम मातीच्या वर आला आहे. हे आता मसनाकडं फिरकत नाहीत. सकाळ झाली की वावरात. मी मनात म्हटलं, भगवंतरावशी फाटलं वाटते.

२९ एप्रिल

टिनं चढले! मॅडम शिडीवर चढून नटबोल्ट पाहून आल्या. ओटा दक्षिणोत्तर, बरोबर. माणसायले बसाले बाक, हातपाय धुवाले नळ. देवमननं विचारलं, "बाई, पुरात आमाले नाल्यापलीकडच्या आमच्या मसनात जाता येत नाई. आमचं मानूस गेलं त इथं चालन?" मी म्हटलं, शेड गावाचं आहे, ठरावात तसंच लिहिलं आहे, कोणी बोललं तर माझ्याकडं पाठव.

८ मे

गंगूबाई गेली. नव्वदीची होती. नव्या शेडात पहिलीच. अवकाळी पाऊस आला, गारा पण पडल्या थोड्या, तरी सरण एकदाही विझलं नाही. माणसं परत येताना आमच्या दारावरून गेले, भगवंतराव पण होता. थांबला आन म्हणाला, "सुखानं गेली बुढी. चांगलं केलं बाई तुमी." मी आत येऊन रडली. सासूची लय आठवण आली. हे ओसरीत बसून होते. म्हणाले, "माह्या मायच्या वक्ताले पाह्यजे होतं." आन मंग पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर हात ठेवला.

९ मे

लिहिता येईन का नाही माहीत नाही.

सकाळी हे म्हणाले, चाल वावरात. मले वाटलं कुंपणाचं काही आहे. वावराच्या अगदी मधात नेलं. तिथं खाटेएवढी जागा सारखी केलेली, भोवताल दगड लावलेले.

"इथं हाये," म्हणे.

"काय हाये?"

"वर्षाली."

सव्वीस वर्षांनी त्यांच्या तोंडून नाव ऐकलं. मले आधी समजलंच नाही. मंग समजलं. हिवर, तो कोपरा, गड्डा, सगळं एकदम समजलं आन मी त्या दगडांपाशी खाली बसली.

ते उभ्यानंच सांगत राहिले. "बाबा म्हणे नाल्याकाठी ठेवू, माती नरम हाये, लवकर होईन. मी म्हटलं नाई, नाला नेईन तिले. वरच्या कोपऱ्यात नेली, मुरूमात खांदलं. तिथं पूर येत नाई, जनावर उकरत नाई. बाबानं शप्पथ घातली, मायले सांगशीन नोको."

"आन आता काय आणलं तिथून?"

"काई नोतं. मातीच होती. थेच आणली दुपट्ट्यात. धुऱ्यावर नाई ठेवली, धुरा उद्या कोणी सरकवते. म्हून मधात ठेवली."

मी म्हटलं, "मले सांगतलं काहून नाई? मी सोडला असता कोपरा. आग लागो त्या शेडाले!"

"सोडला असता तू. म्हूनच नाई सांगतलं. गावाले दुसरी जागा नोती. मंग पुन्हा कोणाची माय तशी अर्धी..."

मी उठली आन त्यांच्या छातीवर बुक्क्या मारल्या. बाईनं नवऱ्यावर हात उचलला, लिहून ठेवते, उचलला. "तुमी सव्वीस वर्षं तिथं जाऊन बसत होते! झाडून काढत होते! तुमाले लेकरू होतं, मले काई नोतं. मले वाटे नाल्यानं नेली. पूर आला की मी नाल्याकडं पाठ करून बसे!" ते तसेच उभे. मारू देलं मले. मी त्या माणसाले विकल्या गेलेला म्हटलं होतं.

"आता कायले सांगतलं?" मी विचारलं.

"आता तुले येता येते. हे मसन नोहे. आपलं वावर हाये."

मंग ते बैलाकडं गेले आन मी तिथं बसली. बसूनच राहिली. ऊन डोक्यावर आलं तरी. काही बोलली पण, काय ते लिहीत नाही.

२४ मे

श्याम अमरावतीवरून आला. पेरणीआधी वखरणी करून घ्यायची म्हून शेजारचा ट्रॅक्टर मागून आणला. मी न्याहारी घेऊन गेली. हे धुऱ्यावर बसून होते. श्याम तासं काढत काढत मधात आला आन थांबला.

"आई, हे मधातच एवढं काहून सोडलं? चांगली जमीन वाया. दगड उचलून घेऊ काय?"

यायनं मान खाली घातली. सांगणं माझ्यावर आलं. या घरात जे नाव घ्यायचं नाही असं ठरलं होतं ते सांगणारी आता कोण, तर मीच.

"ट्रॅक्टर बंद कर," मी म्हटलं. "खाली उतर."

उतरला.

"तिथं तुही मोठी बहीण हाये. वर्षाली नाव हाये तिचं. तिच्या बाजूनं वळवून ने."

तो माझ्याकडं पाहे, बापाकडं पाहे. बावीस वर्षांचा पोट्टा तो. शेवटी हळूच म्हणाला, "आई, केवढी होती?"

मी दोन्ही हात समोर धरून दाखवले, एवढी. आन मंग मले हात खालीच घेता येईनात.